स्कॉटलंडच्या माध्यमिक शाळांतील हिवाळी सत्र

स्कॉटलंडमध्ये ऑक्टोबरची सुट्टी संपल्यापासून मार्चअखेरीस किंवा एप्रिलच्या सुरुवातीला येणाऱ्या ईस्टरच्या सुट्टीपर्यंतच्या शालेय काळाला ढोबळमानाने हिवाळी सत्र म्हणता येईल. कागदोपत्री ही दोन सत्रे आहेत : एक नाताळापर्यंतचे, दुसरे जानेवारीपासूनचे. अंधार, थंडी आणि प्रीलिम, म्हणजे शाळेने घेतलेली पूर्वपरीक्षा, या तिन्ही गोष्टी दोन्हींत सारख्याच असल्यामुळे येथे त्यांचा एकत्र विचार केला आहे. शालेय वर्ष ऑगस्टच्या मध्यास सुरू होते आणि जूनअखेर संपते. माध्यमिक शिक्षण एस-१ ते एस-६ असे सहा वर्षांचे असून मुले साधारण बारा ते अठरा वर्षांची असतात. सरकारी शाळा ३२ स्थानिक परिषदांकडे आहेत. वर्षात १९० दिवस शाळा भरलीच पाहिजे असा नियम आहे, पण सुट्ट्यांच्या तारखा ज्या त्या परिषदेने ठरवायच्या असतात. त्यामुळे शेजारच्या दोन गावांतल्या सुट्ट्या जुळतीलच असे नाही.

ज्या सुट्टीनंतर हे सत्र सुरू होते तिला आजही बोलीत ‘टॅटी हॉलिडे’, म्हणजे बटाट्याची सुट्टी, म्हणतात. पर्थशायर, अँगस, फाइफ, एअरशायर या बटाटा पिकवणाऱ्या भागांत काढणीच्या दिवसांत शाळकरी मुले शेतावर जात. प्रत्येकाला सरीचा ठरावीक तुकडा नेमून दिलेला असे आणि दिवसाची मजुरी हातात पडे. दुसऱ्या महायुद्धात माणसे कमी पडली तेव्हा सरकारनेच मुलांना या कामासाठी मोकळे केले. पुढे काढणीयंत्रे आली, १९८० च्या दशकापर्यंत मुलांची गरज संपत गेली. सुट्टी आणि तिचे नाव तेवढे उरले.

या सत्राचे खरे स्वरूप उजेडाच्या हिशेबातून कळते. एडिंबरा ५६ अंश उत्तर अक्षांशाच्या आसपास आहे. डिसेंबरच्या उत्तरार्धात तेथे पावणेनऊच्या सुमारास सूर्य उगवतो आणि पावणेचारच्या आधीच मावळतो. दिवस जेमतेम सात तासांचा. शेटलंड बेटांवरील लर्विकला तो सहा तासही भरत नाही. शाळा बहुतेक ठिकाणी नऊच्या आगेमागे भरते आणि साडेतीनच्या सुमारास सुटते. म्हणजे मूल अंधुक उजेडात घरून निघते आणि सांज होताना परतते. लांबून बसने येणाऱ्याला तर दोन्ही वेळा काळोखच. वर्गाच्या खिडकीतून दिसते तेवढेच ऊन, तेही ढग नसतील तर. ऑक्टोबर ते मार्च या महिन्यांत सर्वांनीच रोज १० मायक्रोग्रॅम ड जीवनसत्त्व घेण्याचा विचार करावा असा सरकारी आरोग्यसल्ला आहे. सावळ्या कातडीच्या लोकांनी, त्यात दक्षिण आशियाई कुटुंबे आलीच, तो वर्षभर पाळावा असे सांगितले जाते. तिकडे मुलांना घेऊन नव्याने जाणाऱ्या मराठी कुटुंबांनी ही गोष्ट पहिल्याच हिवाळ्यात ध्यानात ठेवलेली बरी.

या अंधारामुळे एकदा साऱ्या ब्रिटनचे घड्याळ बदलले गेले. ऑक्टोबर १९६८ ते ऑक्टोबर १९७१ या काळात ब्रिटनने वर्षभर उन्हाळी वेळच, म्हणजे घड्याळ तासभर पुढे, पाळून पाहिली. लंडनला ती सोसली, पण उत्तर स्कॉटलंडमध्ये ऐन हिवाळ्यात दहाच्या सुमारास उजाडू लागले आणि मुले मिट्ट काळोखात शाळेची वाट चालू लागली. गाडीच्या दिव्यांत चमकणाऱ्या पट्ट्या त्यांच्या दंडावर बांधल्या गेल्या. आकडेवारी पाहता सकाळचे अपघात वाढले होते आणि संध्याकाळचे त्याहून अधिक घटले होते. तरीही डिसेंबर १९७० मध्ये ब्रिटिश संसदेने ३६६ विरुद्ध ८१ मतांनी हा प्रयोग मोडीत काढला. अंधारात शाळेला निघालेल्या मुलाचे चित्र आकड्यांवर मात करून गेले, आणि आजही वेळ बदलण्याचा विषय निघाला की स्कॉटलंडमधून पहिला आक्षेप याच मुद्द्यावर येतो.

रोजच्या व्यवहारात ऋतूची खूण बारीकसारीक गोष्टींत दिसते. गणवेशाच्या ब्लेझरवर जाड कोट चढतो. पाऊस किंवा गारठा असेल तर मधल्या सुट्टीत मैदानाऐवजी उपाहारगृह, ग्रंथालय आणि वऱ्हांडे भरून जातात. मोठ्या वर्गांतील मुले दुपारच्या सुट्टीत बाहेर पडून बेकरी किंवा चिप्सच्या दुकानापुढे रांग लावतात. एडिंबरासह काही परिषदांनी आठवड्याची आखणी अशी केली आहे की चार दिवस शाळा थोडी जास्त चालते आणि शुक्रवारी दुपारीच सुटते. हिवाळ्यात ती एक दुपार मुलांना दिवसाउजेडी मिळते. ३१ जानेवारी २०२२ पासून बावीस वर्षांखालील सर्वांना बसप्रवास मोफत झाला. पावसात तीन मैल पायी येणाऱ्या मुलांच्या दृष्टीने या दशकातला हा सर्वांत उपयोगी निर्णय म्हणावा लागेल.

प्रीलिम ही या सत्राची मध्यवर्ती घटना. एस-४ मध्ये नॅशनल ५, एस-५ मध्ये हायर आणि एस-६ मध्ये अॅडव्हान्स्ड हायर या राष्ट्रीय परीक्षा एप्रिलअखेर सुरू होऊन मे महिनाभर चालतात. यातील हायर १८८८ पासूनची आहे. प्रीलिम म्हणजे त्यांची शाळेने घेतलेली पूर्वपरीक्षा. काही शाळा ती नोव्हेंबरात घेतात, पुष्कळशा जानेवारीत किंवा फेब्रुवारीत. सभागृहात वा व्यायामशाळेत सुटी बाके ओळीने मांडली जातात, भिंतीवर मोठे घड्याळ लागते आणि खालच्या वर्गांचे खेळाचे तास इकडेतिकडे ढकलले जातात. जानेवारीत प्रीलिम असणाऱ्यांची नाताळची सुट्टी उजळणीच्या छायेत जाते. शिक्षक शाळा सुटल्यावर मोफत जादा तास घेतात. निकालानंतर पालकसभा होते आणि तेथे खरा प्रश्न ठरतो : विद्यार्थ्याला हायरलाच बसवायचे की एक पातळी खाली उतरवायचे.

नियमानुसार प्रीलिमचे गुण अंतिम प्रमाणपत्रात मिळवले जात नाहीत. त्यामुळे ती नुसती रंगीत तालीम आहे असे मुलांना सांगण्याची पद्धत आहे. हे सांगणे अपुरे आहे. शिक्षक प्रत्येक विद्यार्थ्याच्या अपेक्षित श्रेणीचा अंदाज वसंतात परीक्षामंडळाला कळवतात आणि त्या अंदाजामागे मोठा पुरावा प्रीलिमचाच असतो. ऐन परीक्षेच्या वेळी आजारपण किंवा घरात मृत्यू ओढवला, तर हाच पुरावा विद्यार्थ्याच्या उपयोगी पडतो. २०२० साली तर सगळी भिस्त त्यावरच आली. २० मार्चला कोविडमुळे शाळा बंद झाल्या आणि १८८८ नंतर प्रथमच मुख्य परीक्षा रद्द झाल्या. शिक्षकांचे अंदाज मागवले गेले. पण परीक्षामंडळाने शाळांच्या मागील वर्षांच्या निकालांशी ते ताडून पाहिले आणि सुमारे सव्वा लाख श्रेणी खाली आणल्या. हायर उत्तीर्ण होण्याचे प्रमाण या फेरफारामुळे सर्वांत गरीब वस्त्यांतील मुलांमध्ये १५.२ टक्केबिंदूंनी, तर सर्वांत सधन वस्त्यांत ६.९ टक्केबिंदूंनी घसरले. मुले रस्त्यावर आली. ११ ऑगस्टला शिक्षणमंत्री जॉन स्विनी यांनी निर्णय मागे घेऊन शिक्षकांनी दिलेल्या मूळ श्रेणी बहाल केल्या. शाळेने हिवाळ्यात जे पाहिले, तपासले आणि नोंदवले ते अखेर प्रमाण मानले गेले, आणि ते योग्यच झाले. हे मंडळ पुढे २०२५ च्या कायद्याने मोडीत निघून त्याच्या जागी क्वालिफिकेशन्स स्कॉटलंड ही संस्था आली.

या सत्रात काही मुले शाळेचा कायमचा निरोप घेतात, याची दखल फारशी घेतली जात नाही. शाळा सोडण्याचे किमान वय सोळा असले, तरी वाढदिवस झाला की निघाले असे चालत नाही. १ मार्च ते ३० सप्टेंबर या काळात सोळा पूर्ण करणाऱ्यांना ३१ मे नंतर, तर १ ऑक्टोबर ते फेब्रुवारीअखेर सोळा पूर्ण करणाऱ्यांना नाताळची सुट्टी लागताना शाळा सोडता येते. म्हणून नाताळची सुट्टी लागताच काही बाके रिकामी होतात. कोणी कारागिरीच्या उमेदवारीला लागते, कोणी महाविद्यालयातील व्यवसाय अभ्यासक्रमाला जाते. त्याच शाळेत एस-६ ची मुले जानेवारीतल्या मुदतीपूर्वी विद्यापीठांचे अर्ज पुरे करीत असतात.

नाताळाआधीचे तीनचार आठवडे खेळाच्या तासाला नृत्य शिकवले जाते. स्कॉटलंडच्या बाहेर या प्रथेची फारशी माहिती नसते, पण जवळजवळ प्रत्येक स्कॉटिश माणसाच्या आठवणीत ती असते. व्यायामशाळेत एका भिंतीला मुलगे, दुसऱ्या भिंतीला मुली उभ्या राहतात. हात धरण्याच्या कल्पनेनेच सगळे अवघडलेले असतात. शिक्षक अॅकॉर्डियन आणि फिडलचे ध्वनिमुद्रण लावून पावले मोजून घेतात. गे गॉर्डन्स या नाचात जोड्या गोलाकार चालतात. डॅशिंग व्हाइट सार्जंटमध्ये तिघांची रांग समोरच्या तिघांशी भिडते आणि मग एका रांगेने उंचावलेल्या हातांच्या कमानींखालून दुसरी रांग पुढच्या तिघांपुढे जाऊन ठाकते. स्ट्रिप द विलोमध्ये एक जोडी रांगेतल्या प्रत्येकाच्या कोपरात कोपर अडकवून गिरक्या घेत शेवटापर्यंत जाते. तासाअखेर सगळ्यांना घाम फुटलेला असतो आणि अवघडलेपण गेलेले असते. रांग पुढे सरकत राहते म्हणून आवडता-नावडता, हुशार-ढ, गोरा-सावळा असा प्रत्येकजण प्रत्येकाच्या समोर येतोच. पाकिस्तानी, पोलिश, भारतीय घरांतील मुलेही हीच पावले शिकतात आणि पुढे लग्नसमारंभांतल्या ‘केली’ या सामूहिक स्कॉटिश नाचांत ती सहज वापरतात. वर्गातील परके-आपलेपण मोडण्याचा इतका साधा आणि बिनखर्चाचा उपाय दुसरा सापडणे कठीण. सरावाची सांगता नाताळनृत्याच्या संध्याकाळी होते. अनेक मुलगे किल्ट घालून येतात.

नाताळ शाळांत इतका गाजतो हे इतिहास पाहता नवल आहे. धर्मसुधारणेनंतर स्कॉटिश चर्चने नाताळ अमान्य केला, १६४० मध्ये संसदेने त्याची सुट्टी कायद्याने बंद केली आणि २५ डिसेंबर सार्वजनिक सुट्टी झाली ती थेट १९५८ साली. मोठा सण हॉगमने, म्हणजे वर्षअखेरची रात्र. २ जानेवारीचीही तिकडे सुट्टी असते.

२५ जानेवारीला कवी रॉबर्ट बर्न्सची जयंती येते (जन्म १७५९). प्रीलिमच्या धांदलीतच खालच्या वर्गांची मुले स्कॉट्स भाषेतील कविता पाठ करतात, स्पर्धा होतात, आणि उपाहारगृहात हॅगिस मिळते. मेंढीचे काळीज, यकृत व फुप्फुस, ओट आणि कांदा यांचा हा पदार्थ सलगम आणि बटाट्याबरोबर खातात. त्याचा शाकाहारी प्रकारही असतो. वर्षभर हीच भाषा वर्गात बोलल्याबद्दल कित्येक पिढ्यांनी चामडी पट्ट्याचा मार खाल्ला होता. सरकारी शाळांतून तो पट्टा १९८७ मध्ये कायमचा गेला. आज स्कॉट्सला अभ्यासक्रमात जागा आहे, तरी ती या एका पंधरवड्यापुरती उरू नये असे भाषेचे शिक्षक सतत सांगत असतात, आणि त्यांचे म्हणणे रास्त आहे.

बर्फामुळे शाळा बंद ठेवण्याचा निर्णय परिषद किंवा मुख्याध्यापक घेतात; पूर्वी तो पहाटे स्थानिक रेडिओवर कळे, आता फोनवर संदेश येतो. २८ फेब्रुवारी २०१८ रोजी मध्य स्कॉटलंडसाठी बर्फाचा लाल इशारा दिला गेला. तेथे असा इशारा प्रथमच निघाला होता आणि शेकडो शाळा काही दिवस बंद राहिल्या. टाळेबंदीच्या काळात दूरस्थ वर्गांची सवय झाल्यापासून अशा दिवशी ‘ग्लो’ या राष्ट्रीय संगणकीय मंचावर अभ्यास धाडला जातो.

बेटांवर हा ऋतू आणखी कठीण होतो. लर्विकचे अँडरसन हायस्कूल १८६२ साली आर्थर अँडरसन यांच्या देणगीतून उभे राहिले. हे शेटलंडचेच सुपुत्र आणि पी अँड ओ कंपनीच्या संस्थापकांपैकी एक. याच कंपनीच्या आगबोटी पुढे मुंबईहून विलायतेला जात. फेअर आइल, फौला अशा दूरच्या बेटांवरची मुले बाराव्या वर्षीच घर सोडून या शाळेच्या वसतिगृहात राहायला येतात. घरी जाणे छोट्या विमानावर किंवा बोटीवर अवलंबून, आणि वारा सुटला की दोन्ही बंद. कित्येक आठवड्यांनी येणारी घरची सुट्टी हवामानाने हिरावून घेणे या मुलांना नवे नाही. जानेवारीच्या शेवटच्या मंगळवारी लर्विकमध्ये अप हेली आ हा अग्निउत्सव होतो. मोठ्यांच्या मिरवणुकीआधी शाळकरी मुले आपले वेगळे जहाज ओढत नेऊन मशालींनी जाळतात. २०२३ पासून मुली व स्त्रियाही पथकांत सामील होऊ लागल्या. दुसऱ्या दिवशी गावाला सुट्टी असते.

फेब्रुवारीत काही दिवसांची मध्यसुट्टी मिळते. त्यानंतर एस-२ आणि एस-३ च्या मुलांची पुढील वर्षाची विषयनिवड, विज्ञानाचे प्रकल्प, संगीत व नाट्याच्या प्रात्यक्षिकांसाठी येणारे बाहेरचे परीक्षक अशी कामे एकामागून एक येतात. मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळे तासभर पुढे होतात. ईस्टरची सुट्टी लागते तीही पुरती सुट्टी नसते. पुष्कळ शाळा त्या दिवसांत मुख्य परीक्षेसाठी उजळणीचे वर्ग भरवतात.