प्रत आहे, पण ती परत मिळेल का?

१० मार्च २०२१ रोजी फ्रान्समधील स्ट्रासबर्ग येथे ओव्हीएच कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागली आणि तिथली एक पाच मजली इमारत जळून खाक झाली. ज्यांचा बॅकअप त्याच आवारात होता, अशा काही ग्राहकांची मूळ माहिती आणि तिची प्रत एकदमच गेली. क्लाउडवरील डिझास्टर रिकव्हरीची, म्हणजे आपत्तीनंतर माहिती आणि काम पुन्हा उभे करण्याची, सेवा निवडताना म्हणूनच आधी विचारावे, की प्रत नेमकी कुठे राहणार आहे.

प्रत जितकी दूर, तितकी ती सुरक्षित. पण अंतराची किंमत मोजावी लागते. ऑप्टिकल फायबरमधून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो, त्यामुळे हजार किलोमीटरवरच्या केंद्राकडून नोंदीची पोच यायला किमान दहा मिलिसेकंद लागतात. प्रत्येक व्यवहार या पोचेसाठी थांबवला तर यंत्रणा मंदावते. म्हणून दूरच्या केंद्राकडे नोंदी थोड्या मागाहून पाठवतात, आणि मधल्या काळात घात झाला तर तेवढ्या नोंदी गमवाव्या लागतात. किती मिनिटांच्या नोंदी गेल्या तरी चालतील, ती मर्यादा म्हणजे आरपीओ. काम किती वेळात पुन्हा सुरू व्हायला हवे, ती आरटीओ. हे दोन्ही आकडे व्यवसायाने स्वतः ठरवावेत, पुरवठादाराच्या माहितीपत्रकातून उचलू नयेत.

चार तासांत सारे पूर्ववत करू, असे कोणी म्हणाले तर गणित मांडून पाहावे. दहा टेराबाइट माहिती सेकंदाला एक गिगाबिट वेगाने, कुठेही न अडखळता आणायची म्हटली तरी बावीस तास लागतात. तेव्हा सर्व्हर पुरवठादाराच्याच केंद्रात सुरू करता येतात का, हे विचारायलाच हवे. रॅन्समवेअरने, म्हणजे खंडणी उकळणाऱ्या घातक सॉफ्टवेअरने, कुलूपबंद केलेल्या फायलीही तितक्याच इमानाने दुसरीकडे उतरतात, म्हणून ठरावीक मुदतीपर्यंत कोणालाही बदलता वा पुसता न येणाऱ्या जुन्या प्रती हव्यातच.

माझ्या मते निर्णायक कसोटी मात्र माहिती परत मिळवण्याच्या तालमीची आहे. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या प्रोग्रॅमचा कोड साठवण्याची सेवा देणाऱ्या कंपनीत मुख्य डेटाबेस चुकून पुसला गेला, तेव्हा बॅकअपच्या नेहमीच्या पद्धती ऐनवेळी निकामी ठरल्या. एका अभियंत्याने चाचणीसाठी सुमारे सहा तास आधी घेतलेली प्रत होती, म्हणून निभावले. त्यामुळे करार करण्यापूर्वी आपल्याच माहितीवर, आपल्याच कर्मचाऱ्यांकडून, घड्याळ लावून एक तालीम करून घ्यावी आणि तीत मूळ जागी परतण्याचा टप्पाही धरावा, कारण माहिती बाहेर काढण्याचे शुल्क बहुधा तिथेच पहिल्यांदा दिसते.