स्नोबोर्ड शिकताना माणूस सपाटीवर का आपटतो?

"बर्फ मऊ असतो रे, पडलास तरी काय होणारे" हे गुलमर्गला जायच्या आधी मला निदान दहा जणांनी ऐकवलं होतं. वयाच्या 41 व्या वर्षी स्नोबोर्ड शिकायला गेलो आणि मनगट सुजवून घेऊन आलो, तेही उतारावर नाही, तर उतार संपून सगळं जवळजवळ सपाट होतं तिथे. एक तर शिकाऊ लोकांच्या उतारावरचा बर्फ दाबून दाबून कडक झालेला असतो, मऊबिऊ काही नसतो. घरी आल्यावर मावशी म्हणाली, साडेसाती चालू आहे तुझी. मावशीवर माझा फार जीव आहे, पण शनीचा इथे काही संबंध नाही, आणि खरं कारण इतकं सुंदर आहे की सांगितल्याशिवाय राहवत नाही.

गवंडी गिलावा करताना थापी कशी फिरवतो ते आठवा. ज्या दिशेला थापी सरकतेय ती कड किंचित उचललेली असते, ती खाली गेली की थापी गिलाव्यात रुतलीच. स्नोबोर्डचं अगदी तेच आहे. दोन्ही पाय एकाच फळीला बांधलेले, आपण फळी आडवी धरून खाली घसरतोय, तेव्हा डोंगराकडची कड बर्फात आणि दरीकडची कड वर उचललेली पाहिजे. आता उतार समजा 20 अंशांचा आहे आणि फळी टेबलासारखी आडवी समतल धरली, तर बर्फ आणि फळी यांच्यात आपोआप 20 अंशांचा कोन मिळतो, म्हणजे पाय थोडा डगमगला तरी चालतं. पण उतार 3 अंशांचा झाला की तशीच धरलेल्या फळीला फक्त 3 अंश मिळतात! तेवढा तर घोटा सहज हलतो, त्यात "सुटलो एकदाचे" म्हणून आपण ताठ उभे राहतो, फळी सपाट पडते, खालची कड रुतते. सोपा उतार माफ कमी करतो तो असा.

आता कड रुतली की पाय जागच्या जागी थांबतात आणि जडत्वामुळे वरचं शरीर पुढे जात राहतं. 1.7 मीटर उंचीची काठी उभी असताना नुसती कलंडली तरी तिचं टोक जमिनीवर ताशी 25 किमीने आदळतं, तेवढ्याच उंचीवरून सोडलेला दगड 21 ने. हो, दगडापेक्षा जास्त, कारण खालच्या भागाची ऊर्जाही वरच्या टोकाला मिळते. त्यात आधीचा वेग ताशी 10 किमी असेल तर खालचं टोक अडकल्या क्षणी वरच्या टोकाचा वेग दीडपट, म्हणजे 15 होतो, आणि हे वर्ग करून बेरीज करून वर्गमूळ काढलं की शेवटी 29 च्या आसपास येतं. माणूस काही ताठ काठी नाही, वाकतो, हात पुढे करतो, म्हणून डोकं वाचतं आणि मनगट जातं. नवशिक्या स्नोबोर्डरांमध्ये मनगटाचं फ्रॅक्चर इतकं कॉमन का, ते इथे कळतं.

आणि "हे लहानपणीच शिकायचं असतं, मोठ्यांचा मेंदू शिकत नाही" हेही पटत नाही मला. 110 सेंमी उंच, 18 किलोचं पोर कलंडलं तर साधारण 97 ज्यूल ऊर्जा, 70 किलोचा मी कलंडलो तर 583, म्हणजे सहापट! पोरं लगेच उठतात आणि परत प्रयत्न करतात, आपण दोन आपटण्यांत दमतो, मग सराव कोणाचा जास्त होणार?

होलोग्राम लावलेली रबरी ब्रेसलेटं घालून तोल सुधारतो म्हणणाऱ्यांना तर पैसे देऊच नका. ऑस्ट्रेलियात 2010 च्या शेवटी ती विकणाऱ्या कंपनीला कबूल करावं लागलं की याला विश्वासार्ह वैज्ञानिक पुरावा नाही. त्याऐवजी हेल्मेट आणि रिस्ट गार्ड घ्या, पडताना मुठी मिटा आणि कोपरापर्यंतचा हात टेकवा.

तिसऱ्या दिवशी त्याच सपाट जागी मी टाचांवर जरा जास्त वजन ठेवलं, पुढची कड दोन बोटं उचललेली ठेवली, आणि फळी पूर्ण थांबेपर्यंत ती खाली टेकू दिली नाही.