दम चढणीचा, दुखणं उतरणीचं

कळसूबाई करून आलं की दुसऱ्या दिवशी घरचा जिना उतरताना कठडा धरावा लागतो. तरीही दर ट्रेकला कुणीतरी म्हणतंच, ‘चढलो की झालं, उतरायला काय लागतं!’ हा समज किती चुकीचा आहे, ते अलास्कातल्या माउंटन गोटच्या शिकारीत स्पष्ट दिसतं.

नावात गोट असलं तरी हा पांढराशुभ्र प्राणी खरी शेळी नव्हे. खुरांची कड कठीण, आतली गादी रबरासारखी मऊ. आपल्याला हात टेकावे लागतील अशा कड्यावर तो निवांत चरतो. धोका खालून येणार, म्हणून त्याचं लक्षही खाली. शिकाऱ्याला मग वळसा घालून त्याच्याही वर चढावं लागतं. नराचं वजन शंभर किलोच्या पुढे जाऊ शकतं आणि कायद्याने खाण्याजोगं सगळं मांस खाली आणावंच लागतं. म्हणजे जड ओझं नेमकं उतरताना पाठीवर येतं.

माणूस आणि सॅक मिळून १०० किलो धरा, चढ १,००० मीटर. काम झालं सुमारे ९,८०,००० ज्यूल, म्हणजे साधारण २३५ किलोकॅलरी. स्नायूंची कार्यक्षमता जेमतेम पाव, म्हणून खर्च हजाराच्या आसपास. उतरताना ही स्थितिज ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. गाडीला ब्रेक असतात. आपल्याकडे ते काम मुख्यतः मांडीचा पुढचा स्नायू करतो. गुडघा वाकत असताना तो जोर लावतो आणि त्याच वेळी लांबत जातो.

या लांबण्याची गंमत १९५२ साली ॲबट, बिगलंड आणि रिची या शरीरक्रिया-संशोधकांनी दाखवली. दोन सायकली पाठीला पाठ लावून एका साखळीने जोडल्या. एकाने पुढे पॅडल मारायचं, दुसऱ्याने उलट फिरणारं पॅडल रोखून धरायचं. लहान चणीच्या बाईने धिप्पाड पुरुषाला सहज रोखलं. दमला तो पुरुष. जोर दोघांचा सारखाच, पण रोखणाऱ्याला ऑक्सिजन फारच कमी लागतो.

कारण स्नायूच्या तंतूंत आहे. आखडताना मायोसिन या प्रथिनाचे आकडे शेजारच्या ॲक्टिन या प्रथिनाला धरतात, ओढतात, आणि सुटण्यासाठी एटीपी, म्हणजे पेशीचं इंधन, खर्चतात. ताणलं जाताना हेच आकडे ओढूनच सोडवले जातात, एटीपी वाचतं. शिवाय टायटिन नावाचं प्रथिन स्प्रिंगसारखं ताण धरतं. पण थोड्याच तंतूंवर मोठा भार पडतो. त्यांतले कमजोर सार्कोमिअर, म्हणजे तंतूंतले आखडणारे छोटे तुकडे, प्रमाणाबाहेर ताणले जाऊन फाटतात, मागून सूज येते, आणि दुखणं एक ते तीन दिवसांनी कळस गाठतं. धाप लागत नाही म्हणून उतार सोपा वाटतो, इतकंच. त्यात स्नायूंचा जोर घटतोच, गुडघा नेमका किती वाकलाय याचा अंदाजही चुकू लागतो. ओल्या गवताच्या उतारावर, पाठीवर चाळीस किलो असताना, ही चूक जिवावर बेतते.

लॅक्टिक ॲसिड साचून पाय दुखतात, हे मात्र डोक्यातून काढाच. ते तासाभरात निघून जातं. चुंबकाचे गुडघेपट्टे तर निव्वळ पैसे उकळणं आहे.

खरा उपाय फुकट आहे. उतरण्याचा एकच चांगला सराव झाला, तर स्नायू पुढचे काही आठवडे त्याच ताणाला बरेच कमी दुखावतात. पुढच्या कळसूबाईच्या पंधरा दिवस आधी मी सॅकमध्ये पाण्याच्या बाटल्या भरून आमच्या इमारतीचे आठ मजले पुन्हा पुन्हा उतरणार आहे. वर जायला लिफ्ट.