'मिया'चा अर्थ 'माझी' नव्हे

मुलींच्या दोन-तीन अक्षरी नावांच्या याद्या वर्षानुवर्षे फिरतात आणि त्यातले अर्थ डोळे झाकून पुढे ढकलले जातात. 'मिया म्हणजे माझी' हे त्यातलंच. इटालियन भाषेत 'मिया' म्हणजे 'माझी', हे खरं. पण नाव म्हणून मिया हे मारियाचं लघुरूप आहे. उच्चार जुळला, एवढंच!

'मायरा'चं तर विचारूच नका. संस्कृतात म्हणे 'प्रिय'! असा संस्कृत शब्दच नाही. हे नाव इंग्रज कवी फल्क ग्रेव्हिल (१५५४–१६२८) यानं कवितेतल्या नायिकेसाठी घडवलं, असं मानलं जातं.

'माया' मात्र दोन्हीकडची. आपल्याकडे भ्रम नि ममता, तर ग्रीक कथांत हर्मिस या देवाची आई. दोन्ही खरं, पण एकाचा अर्थ दुसऱ्याला चिकटवायचा नाही. 'लैला' अरबी, रात्रीशी जोडलेली. आपल्या 'लीला'शी तिचं काही नातं नाही.

जपानी नावांत यादी पारच तोंडघशी पडते. 'आइ' एका चित्राक्षरात लिहिलं तर प्रेम, दुसऱ्यात लिहिलं तर नीळ. आईबापांनी कोणतं अक्षर निवडलं ते कळल्याशिवाय अर्थ सांगताच येत नाही.