उट्रेख्त स्थानकातील सायकल वाहनतळ

नेदरलँड्समधील उट्रेख्त शहराच्या मध्यवर्ती रेल्वे स्थानकाला लागून, स्टेशन्सप्लाइन या चौकाखाली बांधलेला तीन मजली सायकल वाहनतळ. येथे सुमारे १२,५०० सायकली मावतात. पहिला भाग ऑगस्ट २०१७ मध्ये खुला झाला, तर संपूर्ण वाहनतळ ऑगस्ट २०१९ मध्ये वापरात आला. पूर्ण झाला तेव्हा तो जगातील सर्वांत मोठा सायकल वाहनतळ होता. आराखडा रॉटरडॅमच्या एक्टर होगस्टाड आर्किटेक्टन या संस्थेचा आहे.

एवढी मोठी वास्तू का लागली, हे डच माणसाच्या रोजच्या प्रवासावरून समजते. या देशात माणसांपेक्षा सायकली जास्त आहेत: सुमारे १ कोटी ८० लाख लोकसंख्या आणि २ कोटी ३० लाखांच्या आसपास सायकली. घरापासून स्थानकापर्यंत सायकल आणि पुढे रेल्वे, असा लाखो लोकांचा दिनक्रम आहे. रेल्वेने जाणाऱ्यांपैकी दहातले चार तरी स्थानकावर सायकलने येतात. उट्रेख्त देशाच्या मध्यभागी, अनेक लोहमार्गांच्या संगमावर वसलेले असल्यामुळे तेथील स्थानक देशातील सर्वांत गजबजलेले आहे. त्यात शहरात मोठे विद्यापीठ आणि विद्यार्थ्यांची मोठी संख्या. शिवाय नोकरी किंवा शिक्षणासाठी बाहेरून येणाऱ्या अनेकांची एक सायकल गावी आणि दुसरी उट्रेख्तच्या स्थानकावर असते. ही दुसरी सायकल रात्रभर आणि शनिवार-रविवार जागेवरच उभी राहते. म्हणजे एकाच प्रवाशासाठी दोन स्थानकांवर जागा लागते.

वाहनतळ होण्यापूर्वी स्थानकाबाहेर सायकलींचे रान माजलेले असे. कठडे, दिव्यांचे खांब, झाडांची खोडे, जिथे साखळी अडकवता येईल तिथे सायकल. एकाचे हँडल दुसऱ्याच्या ब्रेकच्या तारेत, तिसऱ्याचे पेडल चौथ्याच्या चाकात. आपली सायकल बाहेर काढताना शेजारच्या चार आडव्या होत. याचा सर्वांत जास्त जाच चालणाऱ्यांना झाला, त्यातही चाकाच्या खुर्चीवरून जाणाऱ्यांना आणि अंध व्यक्तींना. त्यांच्यासाठी फरशीत बसवलेल्या उंचवट्याच्या पट्ट्यांवरच सायकली लावलेल्या असत. सायकल हे निरुपद्रवी वाहन खरे, पण हजारोंच्या संख्येने ती पदपथ अडवू लागली की तिचाही बंदोबस्त करावाच लागतो.

वाहनतळाची रचना बारकाईने केलेली आहे. येथे सायकलवरून न उतरता आत जाता येते. एकेरी मार्गिका उतारावरून मजल्यामजल्याने जातात, त्यामुळे समोरासमोर गाठ पडत नाही. प्रत्येक रांगेच्या तोंडाशी किती जागा मोकळ्या आहेत, हे विजेच्या फलकावर दिसते. सायकली दुमजली कप्प्यांत लावतात. वरच्या कप्प्याची पन्हळ बाहेर ओढून खाली झुकवायची, तीत चाके बसवायची आणि मग ती उचलून आत सारायची. सायकल लावली की जिन्याने थेट फलाटांकडे किंवा चौकात जाता येते. देखरेखीला कर्मचारी असतात, दुरुस्तीचे दुकान आहे आणि रेल्वेची भाड्याची सायकलही मिळते. दुसऱ्या गावी उतरून ही सायकल घेणाऱ्याला तेथे स्वतःची दुसरी सायकल ठेवावी लागत नाही. गर्दी मुळाशीच कमी करणारा हा उपाय आहे, म्हणून त्याचे महत्त्व एखाद्या नव्या मजल्याहून कमी मानता येणार नाही.

मात्र कितीही मजले बांधले तरी जागा पुरत नाही, जर सायकली हलल्याच नाहीत. डच स्थानकांवरील गर्दीचा मोठा वाटा बेवारस सायकलींचा असतो: शिक्षण संपवून गेलेल्या विद्यार्थ्याची, चाक वाकल्यामुळे सोडून दिलेली, नाहीतर चोराने वापरून टाकलेली. म्हणून येथे आत येताना आणि बाहेर पडताना कार्डाची नोंद होते. पहिले २४ तास शुल्क नाही; त्यानंतर दर दिवसाला पैसे मोजावे लागतात. सुरुवातीला हा दर १.२५ युरो होता. रोज ये-जा करणाऱ्याला झळ बसत नाही आणि सायकल विसरून जाणे परवडत नाही. या वाहनतळाच्या यशाचे श्रेय बांधकामाइतकेच या साध्या नियमालाही दिले पाहिजे. बाहेर रस्त्यावर नगरपालिकेचे कर्मचारी बराच काळ न हललेल्या सायकलींवर चिठ्ठी चिकटवतात, आणि मुदतीनंतरही त्या तिथेच राहिल्या तर साखळी तोडून गोदामात नेतात. मालकाला दंड भरून ती सोडवता येते.

हा वाहनतळ स्थानक परिसराच्या मोठ्या पुनर्रचनेचा भाग आहे. या पुनर्रचनेची दिशा २००२ मध्ये शहरवासीयांच्या मतदानाने ठरली. जवळच, १९७० च्या दशकात जुना कालवा बुजवून मोटाररस्ता केला होता. तो काढून २०२० मध्ये तेथे पुन्हा पाणी खेळवण्यात आले. स्थानकाच्या पश्चिमेला, यार्बर्स या प्रदर्शन केंद्राच्या बाजूला सुमारे ४,२०० सायकलींचा वेगळा तळही आहे.

अन्य डच शहरांनीही हाच मार्ग धरला. अॅमस्टरडॅममध्ये २००१ साली कालव्याच्या पाण्यावर तात्पुरता म्हणून उभारलेला, २,५०० जागांचा बहुमजली तळ दोन दशके गच्च भरलेला राहिला. जानेवारी २०२३ मध्ये तेथील स्थानकासमोर पाण्याखाली सुमारे ७,००० सायकलींचा वाहनतळ सुरू झाला, आणि पाठोपाठ स्थानकाच्या मागच्या बाजूला आणखी सुमारे ४,००० जागा झाल्या. ग्रोनिंगन या विद्यापीठाच्या शहरात स्थानकासमोरच्या चौकाखाली २००७ पासून असा तळ आहे.

आता अडचण सायकलींच्या आकाराची आहे. नेदरलँड्समध्ये अलीकडे विकल्या जाणाऱ्या नव्या सायकलींपैकी निम्म्याहून अधिक विजेरी असतात. त्यांचे वजन २५ किलोच्या आसपास जाते आणि वरच्या कप्प्यात त्या चढवणे वयस्कर माणसाला जमत नाही. रुंद टायर, पुढे बसवलेला मोठा क्रेट, मुलांना बसवायची पेटी असलेली लांब सायकल, यांपैकी काहीच नेहमीच्या पन्हळीत नीट बसत नाही. त्यांच्यासाठी वेगळी मोकळी जागा आखावी लागते. परिणामी खालच्या जागा आधी भरतात आणि फलकावर मोकळी जागा दिसली तरी ती बहुधा वरच्या कप्प्यातली असते. खालच्या आणि रुंद जागा वाढवाव्यात तर तेवढ्याच क्षेत्रफळात मावणाऱ्या सायकलींची संख्या घटते.