शाळांच्या भूकंपसुरक्षेचा निधी पडून का राहिला?

नोव्हेंबर 2006 मध्ये कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी ‘प्रपोझिशन 1डी’ मंजूर करून शाळा, महाविद्यालये आणि विद्यापीठे यांच्या इमारतींसाठी सुमारे 1,040 कोटी डॉलरचे कर्जरोखे काढण्यास राज्याला परवानगी दिली. त्यांपैकी 19.95 कोटी डॉलरपर्यंतची रक्कम भूकंपात कोसळण्याची भीती असलेल्या शालेय इमारतींसाठी राखलेली होती. इमारती धोकादायक होत्या आणि पैसाही मंजूर होता, तरीही पहिल्या काही वर्षांत या निधीचा फारच थोडा भाग उचलला गेला.

इथे ‘पडून राहिलेला पैसा’ म्हणजे तिजोरीत ठेवलेली रोकड नव्हे. मतदार मंजूर करतात तो रोखे विकण्याचा अधिकार असतो. प्रकल्प मंजूर होतील तसे राज्य रोखे विकते आणि व्याजाचा भार त्यानंतरच सुरू होतो. त्यामुळे न वापरलेला निधी दुसरीकडे वळवणे म्हणजे एका कामासाठी राखलेली कर्जमर्यादा दुसऱ्या कामाला देणे. यात फारसा खर्च नसतो आणि रांगेत थांबलेले इतर प्रकल्प मार्गी लागतात, म्हणून हा मार्ग सरकारांना सोयीचा वाटतो.

कॅलिफोर्नियात शाळांच्या बांधकामाचे नियम कडक आहेत, त्याला कारण आहे. 10 मार्च 1933 रोजी लाँग बीचच्या भूकंपात अनेक शाळा जमीनदोस्त झाल्या. धक्का संध्याकाळी बसल्यामुळे वर्ग रिकामे होते. महिन्याभरातच ‘फील्ड कायदा’ झाला आणि सार्वजनिक शाळांचे आराखडे व बांधकाम राज्याच्या तपासणीखाली आले. मात्र काँक्रीटच्या वर्तनाविषयीची समज 1971 च्या सॅन फर्नांडो भूकंपानंतर खूप बदलली आणि सुधारित बांधकाम संहिता 1978 मध्ये लागू झाली. त्याआधीच्या शालेय इमारतींची कागदपत्रांवरून छाननी करून 2002 मध्ये राज्याने सुमारे 7,500 इमारती सविस्तर तपासणीची गरज असलेल्या म्हणून नोंदवल्या.

जुन्या काँक्रीटच्या खांबात उणीव कुठे असते, हे जवळून पाहण्यासारखे आहे. खांबातील उभ्या सळयांना ठरावीक अंतरावर रिंगांनी बांधलेले असते. जुन्या खांबांत या रिंगा बऱ्याचदा 30 सेंटिमीटर किंवा त्याहून अधिक अंतरावर असत आणि त्यांची टोके काटकोनात वळवलेली असत. इमारत आडवी हेलकावली की बाहेरचे काँक्रीट सुटते, काटकोनी टोके उघडतात, उभ्या सळया बाहेरच्या बाजूला वाकतात आणि आतल्या काँक्रीटला आवळून धरणारे काही उरत नाही. मग खांब वरच्या मजल्याचे वजन पेलू शकत नाही. आजच्या संहितेनुसार रिंगा जवळजवळ बसवतात आणि त्यांची टोके 135 अंशांत वळवून गाभ्यात रुतवतात. त्यामुळे खांबाला तडे गेले तरी तो सहसा उभा राहतो.

राखीव निधीसाठी पात्र ठरायला मात्र इमारत ठरावीक धोकादायक प्रकारांपैकी असणे आणि त्या जागी भूकंपाची अपेक्षित तीव्रता 1.70 जी किंवा अधिक असणे, अशा दोन्ही अटी सुरुवातीला होत्या. ‘जी’ म्हणजे गुरुत्वत्वरण. सुमारे 0.2 सेकंदात एक झोका पूर्ण करणाऱ्या, म्हणजे साधारण एक-दोन मजली इमारतीला स्वतःच्या वजनाच्या 1.7 पट आडवा जोर जाणवेल, असा त्या आकड्याचा ढोबळ अर्थ. मुळात धोका दोन गोष्टींवर ठरतो: जमीन किती हलेल आणि इमारत किती सोसेल. दुबळ्या खांबांची शाळा 1.5 जीलाही कोसळू शकते, पण ती पात्र ठरत नव्हती. हा उंबरठा आधी 1.68 वर आला. 2011 मध्ये नियम आणखी शिथिल झाले आणि भर संरचना अभियंत्याच्या अहवालावर आला. माझ्या मते हीच कसोटी पहिल्या दिवसापासून हवी होती.

दुसरा अडसर पैशाचाच होता. राज्य साधारणपणे निम्मा वाटा देई आणि उरलेला शालेय जिल्ह्याने, म्हणजे त्या भागातील सार्वजनिक शाळा चालवणाऱ्या स्थानिक संस्थेने, उभारायचा असे. तपासणीत इमारत असुरक्षित ठरली, तर आर्थिक तरतूद होण्याआधीच वर्ग रिकामे करण्याची वेळ येण्याची शक्यता होती. त्यामुळे एखादा गरीब जिल्हा तपासणीलाच कचरला असेल, तर ते समजण्यासारखे आहे.

2014 मध्ये गव्हर्नर जेरी ब्राउन यांच्या अर्थसंकल्पात चार विशेष योजनांमधील उरलेले सुमारे 21.1 कोटी डॉलर नवीन बांधकाम व नूतनीकरण या मुख्य योजनांकडे वळवण्याचा प्रस्ताव आला. भूकंपसुरक्षा त्या चारांपैकी एक होती. नवे वर्ग आजच्या संहितेप्रमाणेच बांधले जात असल्यामुळे तो पैसा वाया जाणार नव्हता. तरीही, मागणी कमी आहे या एकाच कारणाने निधी हलवण्यापूर्वी किती अर्ज आले, किती कोणत्या अटीवर नाकारले गेले आणि किती जिल्ह्यांना आपला वाटा उभारता आला नाही, याचा हिशेब जाहीर व्हायला हवा. पोलादी आधार, नव्या काँक्रीट भिंती आणि खांबांभोवतीची वेष्टने हे जुन्या शाळा बळकट करण्याचे उपाय अभियंत्यांच्या हाती आहेत, आणि ते कोणत्या इमारतीत आधी करायचे हे त्या हिशेबाशिवाय ठरवता येत नाही.