फॉयर्सचा धबधबा आणि लॉख नेसचा काठ

स्कॉटलंडच्या उत्तरेला इन्व्हर्नेसहून लॉख नेस सरोवराच्या पूर्व काठाने निघालं, की फॉयर्स हे लहानसं गाव लागतं. वरच्या वस्तीतल्या दुकानासमोरून पायऱ्यांची वाट धबधब्याकडे उतरते आणि पुढे झाडीतून सरोवरापर्यंत नेते. लहान मुलांना घेऊन अर्ध्या दिवसात सगळं निवांत पाहून होतं. परतीची चढण मात्र दम काढते, तेवढी ताकद राखून ठेवा.

धबधबा सरोवराच्या इतका जवळ कसा? ही करामत हिमनदीची. लॉख नेस एका प्राचीन प्रस्तरभंगावर आहे. तिथे जमिनीचे दोन भाग एकमेकांना घासत सरकले आणि मधला खडक पिचून गेला. हिमयुगात मुख्य दरीतल्या जाड बर्फाने हा कमकुवत पट्टा खोल खरवडला. आज सरोवर सुमारे 37 किलोमीटर लांब आणि 230 मीटर खोल आहे. पाण्याची पातळी समुद्रसपाटीपेक्षा जेमतेम 16 मीटर वर, म्हणजे तळ समुद्राच्याही खाली! बाजूच्या खोऱ्यांतला बर्फ पातळ होता, त्यामुळे ती उथळच राहिली. अशा लोंबत्या दरीतून आलेल्या नदीला काठाशी आल्यावर उडी मारण्यावाचून गत्यंतर नसतं. सह्याद्रीतले धबधबेही कड्यांवरूनच कोसळतात, पण ते कडे बेसॉल्टचे आणि त्यात बर्फाचा हात नाही.

पाणी पारदर्शक बाटलीत भरून उजेडात धरा. कोऱ्या चहासारखा रंग दिसेल. डोंगरावरच्या पीटमधून, म्हणजे अर्धवट कुजलेल्या शेवाळाच्या थरांतून, सेंद्रिय द्रव्यं पाण्यात उतरतात. त्यांच्यामुळे पृष्ठताण कमी होतो आणि धबधब्याखाली बुडबुडे टिकून फेस साचतो. फेस तपकिरी आणि मातकट वासाचा असेल, तर तो नैसर्गिक समजावा.

धबधब्याची धार कधीकधी अगदीच बारीक दिसते. 1896 मध्ये इथे जलविद्युतवर चालणारा ॲल्युमिनियमचा कारखाना सुरू झाला आणि नदीचं पाणी वळवलं गेलं. कारखाना 1967 मध्ये बंद पडला. आता तिथे 300 मेगावॉटचं उदंचन वीजकेंद्र आहे: विजेची मागणी कमी असताना लॉख नेसचं पाणी वरच्या लॉख मोर जलाशयात चढवायचं, मागणी वाढली की खाली सोडायचं. आपल्या घाटघरचं केंद्र याच तत्त्वावर चालतं. म्हणून धबधबा भरात पाहायचा, तर चांगला पाऊस पडून गेल्यावर जा.

तेव्हा पायऱ्या आणि झाडांची मुळं निसरडी असतात. खोल नक्षीच्या तळव्याचे बूट घाला आणि कठड्याशी मुलांचा हात सोडू नका. सरोवरात पोहायला उतरू नका. पाणी उन्हाळ्यातही गारठवणारं असतं आणि काठापासून थोड्याच अंतरावर तळ एकदम खोल जातो. वारा पडला की मिज नावाच्या बारीक चावऱ्या माश्या घेरतात, त्यामुळे डबा खायला वाऱ्याची जागा निवडा.

गवतातल्या गोचिडी लाइम हा जिवाणूंमुळे होणारा रोग पसरवू शकतात. मोज्यांत पँट खोचा आणि मुक्कामी पोहोचल्यावर मुलांच्या गुडघ्यांमागे, काखेत, केसांच्या कडेला नीट पाहा. गोचीड दिसली तर टोकदार चिमट्याने त्वचेलगत पकडून सरळ वर ओढा. तेल लावू नका, चटकाही देऊ नका. पुढच्या काही आठवड्यांत लाल वर्तुळ पसरताना दिसलं, तर डॉक्टरांना या सहलीबद्दल आवर्जून सांगा.